आधी सुई, मग सुरी



स्मृतिव्याख्यानाला विषय बहुधा ऐसपैस निवडतात. मी मुद्दाम अरुंद विषय घेतला आहे. स्तनात गाठ हाताला लागली किंवा तपासणीत दिसली आणि डॉक्टर म्हणाले, ‘बायोप्सी करून घ्या’, तर त्या बाईला आणि तिच्या घरच्यांना काय माहीत असायला हवे, एवढाच. माझे म्हणणेही एकच आहे. गाठीवर सुरी चालण्याआधी सुईने तिचा तुकडा काढून तो तपासला गेला पाहिजे, आणि त्याचा लेखी अहवाल हाती येईपर्यंत कोणताही मोठा निर्णय होता कामा नये. कर्करोगाच्या मोठ्या केंद्रांत यावर आता वाद राहिलेला नाही. पण अशा केंद्राच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी आपल्याकडची बाई ज्या वाटेने जाते, त्या वाटेवर हा नियम वारंवार मोडतो. कधी भीतीने, कधी घाईने, कधी पैशाच्या हिशेबाने. या तिन्हींचा समाचार आज घ्यायचा आहे.

हिंजवडीत हा विषय मांडण्याला कारण आहे. इथल्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या तिन्ही टप्प्यांत पंचविशी ते पंचेचाळिशीच्या हजारो स्त्रिया काम करतात. कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत अनेकदा स्तनांची सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी असते, अहवाल मोबाइलवर येऊन पडतो, आणि त्यात ‘बाय-रॅड्स ४ए’ असे काहीतरी लिहिलेले असते. याचा अर्थ सांगायला समोर माणूस नसतो. मग रात्री एकपर्यंत इंटरनेट उपसले जाते. त्याच इमारतींत फरशी पुसणारी, कँटीनमध्ये पोळ्या लाटणारी, दारावर पिशव्या तपासणारी बाई माण, मारुंजी, नेरे इथल्या भाड्याच्या खोलीतून येते. तिला तपासणीच नसते. पहिलीला माहिती भरपूर आणि अर्थ कमी मिळतो, दुसरीच्या वाट्याला दोन्ही येत नाही. हिंजवडीचा कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणजे महापालिकेचे मोठे रुग्णालय इथे नाही. सरकारी उपचारांची वाट औंधच्या जिल्हा रुग्णालयाकडे नाहीतर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाकडे जाते, आणि संध्याकाळी सहा वाजता वाकडच्या पुलापाशी अडकलेल्या माणसाला ते अंतर किती, हे मी सांगायला नको.

आकडे थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यातून एकच गोष्ट घ्यायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२० च्या अहवालात रुग्णालयांत आलेल्या ५७ टक्के स्त्रियांचा आजार निदानाच्या वेळीच आसपासच्या भागात पसरलेला होता. आणि २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या भारतीय स्त्रियांच्या एका मोठ्या अभ्यासात, आजार स्तनापुरता असताना निदान झालेल्यांपैकी ८१ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या, दूरच्या अवयवांत पसरल्यावर निदान झालेल्यांपैकी जेमतेम १८ टक्के. ८१ आणि १८ यांमधली दरी औषधांपेक्षा जास्त वेळेने पाडली आहे. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात मुदत घातली आहे: बाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांच्या आत पक्के निदान झाले पाहिजे. या ६० दिवसांतले किती दिवस ‘आधी दिवाळी होऊ दे’, ‘मुलीचं लग्न होऊन जाऊ दे’, ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ यांत जातात, ते प्रत्येक घराला ठाऊक आहे. न दुखणे ही दिलाशाची खूण मानली जाते, आणि ही समजूत फार महागात पडते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

लवकर निदानाच्या फायद्याचा सर्वांत मोलाचा पुरावा आपल्याच राज्यात तयार झाला आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांवर एक प्रदीर्घ अभ्यास सुरू केला. निम्म्या वस्त्यांत, थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली जाई. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर सापडणाऱ्या कर्करोगाचे प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही, आणि सर्व वयांचा मिळून दिसलेला १५ टक्क्यांचा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हेही सांगितले पाहिजे. यंत्राशिवाय, केवळ बोटांनी एवढे साधले म्हणून या अभ्यासाचे कौतुक झाले आणि ते योग्यच आहे. पण बोटांनी कुणाचेही निदान केले नव्हते. बोटांनी शंका घेतली. ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांना पुढे टाटा रुग्णालयात बोलावून तपासले गेले, आणि कर्करोग आहे की नाही हे तिथेच ठरले. ही दुसरी पायरी नसती, तर पहिलीने नुसती घबराट वाढवली असती.

आता ही दुसरी पायरी जवळून पाहू. सुईने तपासण्याचे आपल्याकडे दोन प्रकार रूढ आहेत आणि रुग्ण दोन्हींना सरसकट ‘सुईची तपासणी’ म्हणतात. पहिली एफएनएसी. इंजेक्शनच्या साध्या बारीक सुईने गाठीतल्या सुट्या पेशी ओढून काचेवर पसरतात. स्वस्त आणि झटपट. पाण्याची गाठ रिकामी करायला, काखेतली गाठ तपासायला ती उपयोगी आहे. पण सुट्या पेशींवरून कर्करोग दुग्धनलिकेच्या आतच आहे की भिंत फोडून बाहेर पडला आहे, हे सांगता येत नाही. दुसरी कोअर बायोप्सी, आणि स्तनातल्या भरीव गाठीसाठी आग्रह धरायचा तो हिचाच. बाई उताणी झोपते, सोनोग्राफीचा प्रोब स्तनावर ठेवून डॉक्टर पडद्यावर गाठ आणि सुई दोन्ही पाहत असतात. आधी लिग्नोकेन टोचून तेवढीच जागा बधिर करतात. हे इंजेक्शन चुरचुरते, आणि बहुतेकींना सगळ्या प्रक्रियेत दुखते ते एवढेच. त्वचेला तीन-चार मिलिमीटरची चीर दिली की सुई आत जाते, स्प्रिंगचा ‘खट्’ असा मोठा आवाज होतो आणि सुईच्या खोबणीत एक तुकडा येतो. दीड-दोन सेंटीमीटर लांब, दीड मिलिमीटरभर जाड. असे चार ते सहा तुकडे घेतात. आवाजाची कल्पना आधी दिली नाही तर बाई दचकते आणि सुई हलते, म्हणून चांगले डॉक्टर बायोप्सीची ही स्प्रिंगची बंदूक आधी हवेत वाजवून दाखवतात. तुकडे फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकतात. चरबीचा तुकडा वर तरंगतो, भरीव गाठीचा बहुधा तळाला जातो, म्हणजे सुई योग्य जागी लागली का याचा पहिला अंदाज त्या बरणीतच येतो. नंतर दहा मिनिटे जागा दाबून धरायची, पट्टी लावायची, टाका लागत नाही. अर्ध्या तासात बाई घरी. पूर्ण भूल नाही, उपाशीपोटी राहणे नाही.

याच तपासणीच्या बाजूने पुरावा इतका का झुकतो? पूर्वी गाठ उघडून काढणे हीच खरी बायोप्सी मानली जाई. सुईची तपासणी तिच्याशी ताडून पाहणारे शेकडो अभ्यास एकत्र करून जे निष्पन्न झाले ते असे, की सोनोग्राफीत पाहत घेतलेली कोअर बायोप्सी सुमारे ९९ टक्के कर्करोग पकडते. हीच सुई पडद्याशिवाय, नुसती हाताने चाचपून लावली तर ९१ टक्क्यांच्या आसपास. गंभीर गुंतागुंत कोअर बायोप्सीत १ टक्क्यापेक्षा कमी, शस्त्रक्रियेने केलेल्या बायोप्सीत २ ते १० टक्के. तेव्हा रुग्णाने विचारायचा पहिला प्रश्न ‘बायोप्सी करू की नको’ हा नसतो. ‘कोणती, आणि कशात बघून’ हा असतो.

९९ म्हणजे १०० नव्हे, हेही खरे. बायोप्सी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. पण भात सारखा शिजलेला असतो आणि गाठ तशी असेलच असे नाही. म्हणून एक नियम प्रत्येक रुग्णाने पाठ करावा: अहवाल आणि चित्र यांचा मेळ बसला पाहिजे. मॅमोग्राफीत गाठ संशयास्पद, कडा काटेरी, आणि बायोप्सीत ‘साधी चरबी’ असा अहवाल आला, तर हायसे वाटून घरी जायचे नाही. सुई बहुधा बाजूला लागली आहे, तपासणी पुन्हा व्हायला हवी. रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि सर्जन यांनी हा मेळ घालून पाहायचा असतो. मोठ्या केंद्रांत ते एकत्र बसतात. इतरत्र कागदपत्रांची फाइल हातात धरलेली बाई हाच तिघांमधला एकमेव दुवा असतो, आणि म्हणून हा प्रश्न तिनेच विचारावा लागतो.

आता आक्षेपांकडे वळू. सर्वांत मोठा आक्षेप वैद्यकाच्या पुस्तकात नाही, तो घराघरात आहे: गाठीला सुई लावली की ती चिडते, डिवचली की पसरते. ही भीती अडाणीपणाची म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, फुप्फुसाच्या रुग्णांच्या एका पाहणीत ३८ टक्क्यांना वाटत होते की शस्त्रक्रियेत गाठीला हवा लागली की कर्करोग पसरतो. म्हणजे ही समजूत आपल्या मुळशी तालुक्याची मक्तेदारी नव्हे. शिवाय काही अवयवांत तिला आधारही आहे. वृषणाच्या गाठीला बाहेरून सुई लावणे टाळतात, आणि यकृताच्या काही गाठींत सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. मग स्तनाचे काय? हा प्रश्न संशोधकांनी टाळलेला नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३५२ स्त्रियांच्या नंतर काढलेल्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा ३२ टक्क्यांत सुईच्या वाटेवर ओढल्या गेलेल्या पेशी खरोखरच सापडल्या. इथेच वाचन थांबवले तर भीती खरी ठरते. पण त्याच अभ्यासात पुढे असे दिसले की बायोप्सी आणि शस्त्रक्रिया यांत पंधरा दिवसांपेक्षा कमी अंतर असताना हे प्रमाण ४२ टक्के होते, पंधरा ते अठ्ठावीस दिवसांत ३१, आणि त्यापेक्षा जास्त अंतर असताना १५. पेशी रुजत असत्या तर काळाबरोबर हा आकडा वाढला असता. तो उतरतो, याचा सरळ अर्थ असा की जागा सोडलेल्या बहुतेक पेशी तिथेच मरतात. पुढे शस्त्रक्रिया, आणि गरजेप्रमाणे किरणोपचार व औषधे होतातच. सुईची बायोप्सी झालेल्या स्त्रियांत आजार उलटण्याचे प्रमाण त्यामुळे वाढते, असे नंतरच्या तुलनांत आढळलेले नाही.

गाठ हाताळल्याने काय होते याचा विचार आपल्याकडच्या डॉक्टरांनीही गांभीर्याने केला आहे. टाटा मेमोरियलमधल्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रियांवर केलेला प्रयोग २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या आधी काही मिनिटे गाठीभोवती लिग्नोकेन टोचले, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेले. हा प्रयोग शस्त्रक्रियेबद्दलचा आहे, बायोप्सीबद्दलचा नाही, तेव्हा त्यातून सुईविषयी निष्कर्ष काढू नये. तो सांगण्याचे कारण इतकेच, की भीती मनात ठेवून बसण्यापेक्षा ती प्रयोगाला लावण्याची रीत आपल्या राज्यात आहे. मग ‘सुई लावली आणि सहा महिन्यांत गेली’ हे शेजारच्या गल्लीतले उदाहरण कुठून येते? ते बहुतेकदा असे असते, की गाठ वर्षभर लपवलेली, अंगारे-धुपारे आणि लेप झालेले, त्वचेला तोंड फुटल्यावर बायोप्सी झालेली. सुई शेवटी आली म्हणून दोष तिच्या माथी बसला.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. गाठ काढायचीच आहे, तर आधी सुई आणि नंतर सुरी असा दुहेरी त्रास कशाला? एकदाच भूल द्या, काढा, तपासा. ऐकायला सोयीचे वाटते, आणि गावोगावच्या छोट्या रुग्णालयांत आजही असे होते. यात पहिली चूक ‘काढायचीच आहे’ या गृहीतकात आहे. तरुण स्त्रियांतली सर्वांत नेहमीची भरीव गाठ फायब्रोअॅडेनोमाची असते, आणि ती लहान व निरुपद्रवी ठरली तर काढावी लागतेच असे नाही. आपल्या देशात स्तनाचा क्षयरोग दिसतो, स्तनदाहाचा एक हट्टी प्रकारही दिसतो. दोन्ही हुबेहूब कर्करोगासारखे भासू शकतात. क्षयाला क्षयाची औषधे लागतात. तिथे सुरी चालवली तर जखम महिनोन्महिने वाहत राहते. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईची गाठ ‘दुधाचीच असेल’ म्हणून सोडून देतात. स्तनपान चालू असतानाही कोअर बायोप्सी करता येते, तेवढ्यासाठी बाळाचे अंगावरचे दूध तोडावे लागत नाही. दुसरी चूक अशी की गाठ कर्करोगाची असेल तर ती आधी काढून टाकणे हाच कित्येकदा चुकीचा क्रम ठरतो. सुईच्या तुकड्यावर, गाठ कोणत्या औषधांना दाद देईल हे सांगणाऱ्या ईआर, पीआर आणि हर-२ या तपासण्या होतात. हर-२ पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असलेल्या, थोड्या मोठ्या गाठींत आधी औषधे आणि मग शस्त्रक्रिया हा क्रम आज पसंत केला जातो. गाठ आकसते, स्तन वाचण्याची शक्यता वाढते, आणि औषध लागू पडते का हेही डोळ्यांदेखत कळते. गाठ काढून बरणीत गेल्यावर ही संधी परत येत नाही. निदानाविना आडवातिडवा छेद घेतलेला, कडेला थोडा आजार मागे राहिलेला, अशा अवस्थेतल्या स्त्रिया मोठ्या केंद्रांत नेहमी येतात आणि त्यांना दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते. त्रास वाचवायला निघालेल्यांनीच तो दुप्पट केलेला असतो.

या क्रमामागे इतिहासही आहे. विसाव्या शतकात बराच काळ पद्धत अशी होती की बाईला भूल द्यायची, गाठ काढून तिथल्या तिथे गोठवून तपासायची, आणि कर्करोग दिसला तर त्याच भुलीत पूर्ण स्तन काढायचा. झोपताना तिला माहीत नसे की जागी होईल तेव्हा स्तन असेल की नसेल. अमेरिकेतल्या रोझ कुशनर या पत्रकार स्त्रीने १९७४ मध्ये स्वतःला हा आजार झाल्यावर या पद्धतीविरुद्ध लेखणी उचलली, आणि १९७९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने निदान आणि उपचार या दोन स्वतंत्र पायऱ्या असाव्यात, अशी शिफारस केली. त्या परिषदेत कुशनर स्वतः सदस्य होती. आपल्याकडे कायद्याने हेच तत्त्व उशिरा, पण ठामपणे उचलले. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये निकाल दिला, की निदानाच्या प्रक्रियेसाठी दिलेली संमती उपचाराच्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही. जिवावर बेतलेला प्रसंग सोडून. खटला गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेचा होता, पण नियम स्तनालाही तितकाच लागू आहे. त्या खटल्यात मुलगी भुलीखाली असताना आईची सही घेतली गेली होती, आणि ती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. सज्ञान स्त्रीच्या शरीराबद्दल सही तिचीच लागते. तेव्हा संमतीपत्र आपल्याला कळेल अशा भाषेत मागा, आणि ‘बायोप्सी व गरज भासल्यास पुढील शस्त्रक्रिया’ अशी गोळाबेरीज असेल तर दुसरा भाग खोडायला सांगा.

तिसरा आक्षेप सुशिक्षितांचा, आणि तो हिंजवडीत जास्त ऐकू येतो: हा सगळा तपासण्यांचा धंदा आहे. पॅकेज विकायचे, घाबरवायचे, बायोप्सी करायची. यात तथ्य आहे, आणि मी ते लपवणार नाही. चाळिशीच्या आतल्या, कोणतीही तक्रार किंवा घराण्यात आजार नसलेल्या स्त्रियांची सरसकट मॅमोग्राफी करण्याला भक्कम आधार नाही. दाट स्तनांत ती नीट वाचताही येत नाही. पॅकेज स्वस्त आहे म्हणून घेतलेली तपासणी पुढे महाग पडू शकते. पण या आक्षेपाचे उत्तरही मोबाइलवर येऊन पडणाऱ्या त्या न कळणाऱ्या आकड्यातच आहे. बाय-रॅड्स ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता जास्तीत जास्त २ टक्के. इथे सहसा बायोप्सी लागत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा चित्र पाहतात. ४ए म्हणजे २ ते १० टक्के, ४बी १० ते ५०, ४सी ५० ते ९५, आणि ५ म्हणजे ९५ टक्के किंवा अधिक. म्हणजे ४ए असा अहवाल आलेल्या शंभर जणींपैकी किमान नव्वद जणींना कर्करोग नसतो. तरीही तुकडा तपासायचा, कारण त्या नव्वद कोणत्या आणि उरलेल्या कोणत्या हे चित्रावरून सांगता येत नाही. धंद्याला आळा घालायचा तर तो ३ असताना टोचणाऱ्याला घालावा. ४ असताना टोचू न देणारी बाई धंद्याचे काही बिघडवत नाही, स्वतःचे बिघडवते. रक्ताच्या थेंबात किंवा उष्णतेच्या छायाचित्रात कर्करोग ओळखण्याच्या जाहिराती हल्ली पुष्कळ दिसतात. संशोधन चालू आहे आणि चालावे. आजच्या घडीला त्यांतली एकही तपासणी तुकड्याची जागा घेऊ शकत नाही, आणि अशा चाचणीचा ‘निगेटिव्ह’ निकाल दाखवून हाताला लागणारी गाठ सोडून देणे हा जिवाशी खेळ आहे.

आता बायोप्सीच्या आधी-नंतरच्या काही लहानसहान गोष्टी, ज्यांत चूक सर्रास होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांपैकी काहीही, तर ती आधी सांगावी. स्वतःच्या मनाने बंद करू नये, कारण हृदयात स्टेंट असलेल्या बाईने ती बंद करणे बायोप्सीपेक्षा धोक्याचे आहे. बटणांचा किंवा दोन भागांतला पोशाख घालावा. त्या दिवशी दुचाकी चालवू नये. इथल्या उद्यानाच्या तिसऱ्या टप्प्याच्या रस्त्यावरचे खड्डे पाहता हा सल्ला मी दोन दिवसांचा करीन. पट्टीवरून बर्फाची पिशवी, घट्ट आधार देणारी ब्रा, दुखल्यास पॅरासिटामॉल. काळेनिळे होणे नेहमीचे आहे, आठवडाभरात ओसरते. सूज वाढत गेली, रक्त थांबेना, ताप किंवा पू आला, तर लगेच दाखवावे. बरणीवर स्वतःचे पूर्ण नाव आणि डावे की उजवे हे लिहिलेले आहे का, ते निघण्याआधी पाहावे. तुकडे फॉर्मॅलिनमध्येच गेले पाहिजेत. सलाइनमध्ये पडून राहिले तर पुढच्या तपासण्या बिघडतात. अहवाल साधारण आठवड्यात येतो, ईआर-पीआर-हर-२ ला आणखी काही दिवस. हर-२ ‘२+’ आला तर तो ना होकार ना नकार. फिश नावाची पुढची तपासणी लागते. मेणाचे ठोकळे आणि काचपट्ट्या दुसऱ्या मतासाठी मागता येतात, आणि आपली वैद्यकीय कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरवर २००२ पासून बंधनकारक आहे.

आणि अहवाल आधी तिच्या हाती. मुलाला बाजूला घेऊन ‘आईला सांगू नका’ ही पद्धत मायेपोटीच पडली असेल, पण ज्या बाईला आजार काय तेच सांगितलेले नाही, ती सहा महिन्यांचे उपचार का सोसेल?

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि तो थेट या सभागृहातल्यांशी संबंधित आहे. विमा नियामकाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अपवादांत, केवळ तपासणी व निदानासाठी झालेल्या भरतीचा खर्च वगळला आहे. अर्ध्या तासाच्या सुईच्या बायोप्सीला तर भरतीच लागत नाही. त्यामुळे ती पुष्कळदा रुग्णाच्या खिशातून जाते, आणि नंतर भरती झालीच तर आधीच्या ठरावीक दिवसांचा खर्च म्हणून परत मिळते. म्हणजे कर्करोग निघाला तर पैसे मिळणार, नाही निघाला तर नाही. उलट भूल देऊन गाठ काढली की ती शस्त्रक्रिया ठरते आणि क्लेम मंजूर होतो. वैद्यकशास्त्र जे शेवटी करायला सांगते, त्यालाच विमा आधी पैसे देतो. इथल्या कंपन्यांचे मनुष्यबळ अधिकारी दरवर्षी सामूहिक पॉलिसीचे नूतनीकरण करतात, तेव्हा अटींवर घासाघीस करण्याची ताकद त्यांच्याकडे असते. माझी त्यांना विनंती आहे की पुढच्या नूतनीकरणात सोनोग्राफीत पाहून केलेली कोअर बायोप्सी बाह्यरुग्ण खर्चात नाव घेऊन लिहून घ्यावी, मोबाइलवर अहवाल पाठवणाऱ्या तपासणी केंद्राला बाय-रॅड्स ४ आणि ५ च्या प्रत्येक स्त्रीला डॉक्टरने स्वतः फोन करण्याची अट घालावी, आणि महिन्याला २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या कंत्राटी स्त्रियांची राज्य कर्मचारी विमा योजनेची नोंदणी कंत्राटदाराने खरोखर केली आहे का, हे बिल मंजूर करण्याआधी तपासावे.